‘तीन वर्षांपर्यंत थांबा’ म्हणतात. थांबू का?

प्रश्न : माझा नातू २६ महिन्यांचा आहे. मुलगा मकरपुऱ्याला कारखान्यात पाळीवर जातो, सून बँकेत आहे, त्यामुळे दिवसभर बाळ माझ्याजवळ. तो ‘पापा’, ‘मम’ आणि ‘भू’ एवढंच म्हणतो. भाजीवाला निघाला की हात हलवून ‘आजो’ म्हणतो, तेवढं एक नवीन. मोबाइलवरची एबीसीडी मात्र झेडपर्यंत म्हणतो! काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढत नेतो. मागून हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. पण कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरात धावत येतो, म्हणजे कान ठीक असावेत. डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबा. प्लेग्रुपच्या बाईंचं म्हणणं, घरात मराठी, कामाच्या बेनची गुजराती, बाहेर हिंदी, याने तो गोंधळलाय. आता फक्त इंग्रजी बोला. माझ्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही हे आम्हाला तो शाळेत जायला लागल्यावर कळलं होतं, त्यामुळे माझ्या जिवाला स्वस्थता नाही. सुनेपाशी विषय काढला तर तिला वाटतं, मी तिच्या नोकरीवर बोट ठेवते. मी काय करू?
— एक आजी, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर :

काकू, सा. न. वि. वि.

थांबू नका. पुढे बरंच लिहायचं आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, म्हणून ते आधी लिहून टाकते.

‘थांबा’ म्हणणारे डॉक्टर वाईट हेतूने तसं म्हणत नाहीत. दोन वर्षांच्या शंभर मुलांत साधारण दहा-पंधरा मुलं बोलण्यात मागे असतात आणि त्यांतली बरीचशी पुढे आपली आपण बोलू लागतात, हे खरंच आहे. पण समोर बसलेलं हे मूल त्या बऱ्याचशांतलं आहे की उरलेल्यांतलं, हे ओपीडीत पाच मिनिटं बघून कुणालाच सांगता येत नाही. मी बडोद्यात गेली बावीस वर्षं वाक्-श्रवण तज्ज्ञ म्हणून काम करते आहे, मलाही येत नाही. तपासून घेतलं आणि सगळं ठीक निघालं, तर तुमच्या दोन सकाळी खर्ची पडतील. थांबलो आणि ठीक नसलं, तर दोन ते तीन हे वर्ष जाईल, ज्या वर्षात मूल भाषा सगळ्यात सहज उचलतं. चार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे येणारे आई-बाप बहुतेक एकच वाक्य म्हणतात, ‘आम्हाला थांबायला सांगितलं होतं.’ ते ऐकताना मला अजूनही त्रास होतो.

सव्वीस महिन्यांच्या मुलाकडून काय अपेक्षा असते? दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडू लागतं : ‘बाबा ये’, ‘दूध दे’, ‘आजी बस’. अडीच वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द होतात. तुमच्या नातवाचे चार आहेत. एबीसीडी मी यात धरत नाही, कारण तो ती कुणाला काही सांगायला वापरत नाही. ‘आजो’ मात्र जरूर धरते. गुजराती ‘आवजो’ आहे ते. जाणाऱ्या माणसाकडे बघून, योग्य वेळी, हात हलवून म्हटलेलं. त्या चारांतला तोच मला सगळ्यात मोलाचा वाटला.

आता कान. तुमच्या पत्रातल्या कुकरच्या शिट्टीपाशी मी थबकले, कारण हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. कुणी शिट्टी म्हणतं, कुणी दाराची बेल, कुणी उत्तरायणच्या गच्चीवरचे भोंगे. शिट्टी फार मोठी असते. कान अर्धवट काम करत असतील तरी ती ऐकू येते. बोलणं त्या मानाने फार हळू असतं, आणि त्यातही ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ हे आवाज इतके बारीक की थोडा जरी कमीपणा असला तरी आधी तेच गळतात. अशा मुलाला आवाज आलेला कळतो, शब्द कळत नाही. वाडीतली एक मुलगी मला आठवते. तिची आई माझ्यासमोर टाळ्या वाजवून दाखवत होती, ‘बघा, वळते की नाही!’ मी तोंडासमोर कागद धरून तिच्या पाठीमागून हळूच ‘सस्सस्स’ असा आवाज केला. ती ठोकळे रचत राहिली. पुन्हा केला. ती ठोकळेच रचत राहिली. आईचे हात तिथेच थांबले. त्या मुलीच्या दोन्ही मधल्या कानांत चिकट द्रव साठला होता, सर्दीनंतर कित्येक लहान मुलांना होतो तसा. ठणका नाही, ताप नाही, कान वाहत नाही, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती.

तुमचा नातू एबीसीडी म्हणतो, म्हणजे त्याला मुळीच ऐकू येत नाही असं नक्कीच नाही. तुमच्या भावाच्या आठवणीने तुमची झोप उडत असेल तर एवढा दिलासा मी या कागदावरून देऊ शकते. पण कमी ऐकू येणं, एका कानाने येणं, सर्दीबरोबर येणारं-जाणारं ऐकू येणं, यांतलं काहीच अंदाजाने बाद करता येत नाही. त्यामुळे बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाच्या कानांची तपासणी पहिली. जन्मल्यावर दवाखान्यात झाली असली तरी पुन्हा करायची, कारण ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं.

ती अशी असते. ओएई म्हणजे कानात मऊ बोंडासारखं काही बसवून, आतला कान आवाज घेतो का ते बघणारी, काही मिनिटांत होणारी चाचणी. टिम्पॅनोमेट्रीत मधल्या कानात द्रव आहे का ते कळतं. आणि बेरा, ज्यात मूल झोपलेलं असताना कपाळाला आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवून आवाजाचा निरोप नसेतून पुढे मेंदूकडे पोचतो का ते बघतात. ओएई पास झाली म्हणून बेरा नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कान आवाज घेतो पण नस तो पुढे नीट देत नाही, असंही काही मुलांत असतं, आणि ते ओएईत दिसत नाही.

हे सगळं खासगीत होतंच, पण त्याआधी सयाजी हॉस्पिटल आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढा. दुसरी वाट अंगणवाडीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून देशभर आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते, आणि वाढीतला उशीर, म्हणजे बोलण्यातलाही, त्यात स्पष्टपणे धरलेला आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि गरज वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, तिथे पाठवतं. मात्र पथक येईल तेव्हा येईल म्हणून बसून राहू नका. तुमच्या भागातल्या अंगणवाडीच्या बेनला भेटा आणि आताच नाव देऊन चिठ्ठी मागा. आपल्या मराठी घरांत ‘अंगणवाडी आपल्यासाठी नाही’ असा एक संकोच असतो. तो सोडा, हा हक्क तुमच्या नातवाचाही आहे.

यापुढचं लिहिताना मी जरा सावकाश लिहिते आहे, तुम्हीही सावकाश वाचा. तो मनगट धरून ओढत नेतो, असं तुम्ही लिहिलंय. तो बोट दाखवतो का? हवं ते मागायला दाखवतो का हा एक प्रश्न झाला; त्याहून महत्त्वाचा म्हणजे नुसतं तुम्हाला दाखवायला दाखवतो का. गॅलरीत कबुतर बसलं, तर कबुतराकडे बोट करून मागे वळून तुमच्या तोंडाकडे बघतो का, ‘आजी, पाहिलंस का’ अशा नजरेने? खोट्या-खोट्या कपातून तुम्हाला चहा पाजतो का? हे होत नसेल, आणि हाकेला वळणंही कधीमधीच असेल, तर बोलण्याबरोबर ऑटिझमचीही, म्हणजे इतरांशी संपर्क आणि संवाद साधण्याची मुलाची वाढ वेगळी होते आहे का याचीही, चाचपणी व्हायला हवी. त्यासाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी आहे, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी. आई-वडिलांनी ‘हो-नाही’त उत्तरं द्यायची असतात. त्यावरून निदान होत नाही, पुढे बघायला हवं का एवढंच कळतं. तुमचा नातू त्या वयात आज बसतो, पाच महिन्यांनी बसणार नाही. आणि वरच्या प्रश्नांना तुम्ही ‘हो, हे सगळं करतो की’ म्हणालात, तर मला फार बरं वाटेल, कारण बोट दाखवणारं, सांगितलेलं समजणारं मूल बोलण्याकडे लवकर येण्याची शक्यता जास्त असते. यांतलं काहीही असलं तरी, आधी येत असलेला एखादा शब्द किंवा टाटा करणं थांबलं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.

‘ऑटिझम’ हा शब्द मोठा आहे, घरात काहूर माजवतो, हे मला माहीत आहे. म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरा : बोलण्याची थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. उशीर दिसतोय, एवढं कारण पुरतं. एकीकडे तपासण्या, दुसरीकडे थेरपी.

थेरपिस्ट निवडताना विचारायला संकोचू नका. बीएएसएलपी, म्हणजे वाक्-श्रवणशास्त्राची पदवी, किंवा त्यापुढची पदवी हवी आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. नंबर मागितला तर खरा तज्ज्ञ राग मानत नाही. पण मी त्याहून एका गोष्टीकडे जास्त बघेन. मुलाला आत घेऊन दार लावून घेणारा आणि पाऊण तासाने बाहेर आणून सोडणारा थेरपिस्ट दोन वर्षांच्या मुलासाठी कामाचा नाही. आठवड्याचे दोन-तीन तास त्याच्याकडे, बाकीचे सगळे जागेपणीचे तास घरी. तुम्हाला आत बसवून, तुमच्याकडून करून घेऊन, पुढच्या आठवड्यासाठी काम देणारा हवा. ‘तीन महिन्यांत बोलता करतो’ असं छातीठोक सांगणाऱ्याकडे पैसे भरू नका.

आता सूनबाई. खरं तर पत्राची गाठ मला इथेच दिसली.

काकू, सगळ्यात आधी तिला एक वाक्य ऐकू द्या : आईच्या नोकरीमुळे मुलाचं बोलणं अडत नाही. ते खरं आहे म्हणूनच म्हणा, तिची समजूत काढायला नको. दिवसभर तिच्या डोक्यात तेच घोळत असणार, आणि म्हणूनच तुम्ही काहीही काढलंत तरी तिला ते नोकरीवरच आल्यासारखं वाटतं. मुलगा आणि सून दोघं घरी असताना बोला, एकट्या तिच्याशी नको, आणि पाव्हण्यांसमोर तर मुळीच नको. ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करू नका. भावाची गोष्ट मात्र सांगा. ती तुम्ही तिला कधी नीट सांगितलीत का? शाळेत घातल्यावर कळलं तेव्हा तुमच्या आईचं काय झालं, तुम्ही तेव्हा केवढ्या होता, हे सगळं. तुमची काळजी कुठून येते ते तिला कळलं की त्यात टोमणा शोधायचं कारण उरणार नाही. मग म्हणा, ‘कान तपासून घेऊ या, मी सोबत येते.’ रजा कुणी काढायची, यावर तिथे वाद होऊ देऊ नका. केसपेपर काढायला तुम्ही आणि मुलगा जा, त्याच्या पाळीत सकाळ मोकळी असेल तेव्हा.

आणि बोलायच्या आधी दोन-तीन व्हिडिओ काढून ठेवा, प्रत्येकी दोन मिनिटांचे. जेवताना, खेळताना, आणि तुम्ही पाठीमागून हाक मारताना. तिलाही तुम्ही काय बघता ते दिसेल आणि पुढे माझ्यासारखीलाही उपयोग होईल, कारण दवाखान्यात मुलं आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसतात आणि घरचं मूल आम्हाला दिसतच नाही.

भाषेचं लवकर उरकते, कारण इथे शंकेला जागा नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलायला उशीर होत नाही. आपल्या बडोद्यात पिढ्यान् पिढ्या मुलं आजीशी मराठी, ओट्यावर गुजराती आणि बाजारात हिंदी बोलत मोठी झाली. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे, एवढंच. घरात तुम्ही मराठीच बोला. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, गोष्ट रंगवता येते, तीच त्याला भरभरून मिळणार. मोडक्या इंग्रजीत तुम्ही त्याच्याशी निम्मंच बोलाल, आणि त्याला तर आज दुप्पट बोलणं हवं आहे.

फोनबद्दल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन मुळीच नको, आणि दोन ते पाच वर्षांत फार तर दिवसाला एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. फोनमुळे ऑटिझम होत नाही, पण फोन समोरच्याची वाट बघत नाही. मूल गप्प राहिलं तरी गाणं पुढे जातं. जेवणापासून सुरुवात करा. तीन-चार दिवस रडेल, कमी जेवेल, तेवढं सोसा. तुम्हाला तर चिऊचा घास, काऊचा घास येतो. तो तसाच भरवा, फक्त ‘हा घास चिऊचा, हा घास...’ म्हणून हात वाटेत थांबवा आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहा. पहिले काही दिवस तो नुसता आ करेल. चालेल. एखाद्या दिवशी ‘का’ येईल.

तशीच गंमत पाण्याची. तो मनगट धरून माठापाशी नेतो, तुम्ही पेला भरून देता. तुम्हाला त्याचं न बोलता सगळं कळतं, आजीला कळतंच, आणि त्यामुळे त्याला शब्दाची गरजच पडत नाही. उद्यापासून असं करा. त्याच्याबरोबर जा, माठापाशी खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. घोटभर पाणी ओता आणि ‘पाणी’ म्हणून द्या. तो आणखी मागेल. आता पेला हातात धरून गप्प राहा, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. दहा फार मोठे वाटतात. बहुतेक आया तीनवरच बोलून टाकतात. त्याने तुमच्याकडे बघितलं, ‘प’सारखं काही केलं, पेल्याला हात लावला, काहीही केलं की लगेच ‘पाणी! पाणी हवं!’ म्हणून द्या. अडवून धरायचं नाही, बोलेपर्यंत तहानलेला ठेवायचं नाही. ‘म्हण ना पाणी, म्हण’ हे तर घरातून बंदच करा; ज्याला येत नाही त्याच्यावर ती परीक्षा होते आणि मूल तोंड मिटून घेतं. तो ‘पा’ म्हणू लागला की तुम्ही ‘थंड पाणी’ म्हणा. त्याच्या पुढे एकच पाऊल.

संध्याकाळी कमाटीबागेत नेत असाल तर ‘हे काय? ते काय?’ विचारू नका. तो जिकडे बघतोय तिकडे बघा आणि त्याचं नाव घ्या : ‘माकड. माकड चढलं.’ पुन्हा गप्प.

शेजारून कुणीतरी वेखंड उगाळून मधातून चाटवायला सांगेल. नका देऊ. पोटात गेलेल्या वेखंडाने मुलांना उलट्या झालेल्या आहेत आणि त्याने वाचा येत नाही. जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या, असंही सांगतील. जिभेखालच्या पडद्यामुळे एखादा उच्चार अडू शकतो, पण शब्दच येत नाहीत असं त्याने होत नाही.

बेराची तारीख मिळाली की आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि दुपारची झोप त्या खोलीसाठी राखून ठेवा. डोकं धुऊन कोरडं असावं, तेल नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. त्याची रोजची दुलई न्या, दुधाची बाटली न्या. झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर किती वेळ आधी उपाशी ठेवायचं ते तिथे आधीच विचारून घ्या. आणि दांडिया बाजारातून सयाजी हॉस्पिटल जवळच आहे, पण रिक्षात पाच मिनिटांची डुलकी लागली तर सगळी सकाळ फुकट जाते, म्हणून वाटेत त्याला मांडीवर उभा धरून बाहेरचं दाखवत न्या. रिपोर्ट हातात आला की मला लिहा, सूनबाईंनाही लिहायला सांगा.